सत्तर मेल, तीन उत्तरं: पोस्टडॉकची जागा नेमकी शोधतात कशी?

पेट्रीडिश

विषय सूक्ष्मजीवशास्त्र. बायोफिल्म (जिवाणूंचा चिकट थर) आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू यावर काम आहे. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठातून पीएच.डी., प्रबंध फेब्रुवारीअखेर सादर होईल. पहिली लेखिका म्हणून दोन पेपर छापून आलेत, तिसऱ्याचं हस्तलिखित तयार आहे. फेलोशिपची मुदत संपली आहे.

दोन महिन्यांत जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिका मिळून सत्तर प्राध्यापकांना पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या मुदतीच्या संशोधन-जागेसाठी, मेल केले. तीन उत्तरं आली आणि तिन्हींत एकच वाक्य: सध्या निधी नाही. बाकी सगळीकडे सामसूम.

मेलमध्ये काय चुकतंय? पदवी हातात नसताना अर्ज करता येतो का? मधल्या काळात भारतातच काही मिळालं तर घ्यावं, की त्यामुळे परदेशातलं दार बंद होतं? गाइडचं म्हणणं, 'आधी सबमिट करा, मग बघू.' हे 'मग बघू' परवडेल का, हेही सांगा.

तिसरा_रेफरी

एकगठ्ठा मेलना एवढाच प्रतिसाद मिळतो, त्यावरून तुमच्या कामाची किंमत ठरवू नका. चूक प्रश्नात आहे. 'तुमच्याकडे जागा आहे का' असं विचारलं की खरं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' हेच असतं. जागा म्हणजे त्या प्राध्यापकाच्या ग्रँटमधला, म्हणजे मिळालेल्या संशोधननिधीतला, एक पगार, आणि तो आधीच कुणाला तरी चालू असतो. तेव्हा दोनच प्रकारच्या लोकांना लिहायचं. एक, ज्यांच्याकडे नुकताच पैसा आलाय. दोन, ज्यांच्या प्रयोगशाळेसाठी तुम्ही स्वतः फेलोशिपचा अर्ज करू शकता.

पैसा आलाय हे कळतं कसं? माहिती उघड्यावर पडलेली असते. अमेरिकेसाठी एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं 'रिपोर्टर' हे संकेतस्थळ उघडा. 'बायोफिल्म' टाका, चालू आर्थिक वर्ष निवडा. प्रत्येक ग्रँटच्या नंबराचा पहिला आकडा पाहा. १ असेल तर कोरी ग्रँट, २ म्हणजे स्पर्धेतून मिळालेलं नूतनीकरण, ५ म्हणजे चालू ग्रँटचं पुढचं वर्ष. आर०१ ही एनआयएचची नेहमीची ग्रँट साधारण चार-पाच वर्षांची असते. पहिला आकडा १ आणि सुरुवातीची तारीख गेल्या सहा महिन्यांतली असेल, तर तिथे माणूस हवा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ५ दिसला तर संपायची तारीख बघा. आठ महिन्यांवर आली असेल तर तो प्राध्यापक स्वतःच काळजीत असतो, तुमचा मेल त्याने वाचलाही नसेल. २०२५ पासून अमेरिकेतल्या सरकारी ग्रँटचं काही खरं नाही, त्यामुळे ही तारीख बघितल्याशिवाय तिकडे एकही मेल पाठवू नका.

जर्मनीत डीएफजी या तिथल्या निधी देणाऱ्या संस्थेचा 'गेप्रिस' हा डेटाबेस आहे, ब्रिटनमध्ये 'गेटवे टू रिसर्च', युरोपीय संघाच्या पैशासाठी 'कॉर्डिस'. पण सगळ्यात सोपी युक्ती ईआरसीची, म्हणजे युरोपियन रिसर्च कौन्सिलची. ईआरसी स्टार्टिंग ग्रँटची यादी सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर होते: नाव, संस्था आणि प्रकल्पाचं शीर्षक सगळं असतं. २०२४ मध्ये त्यात ४९४ नावं होती. प्रत्येकाला पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत पैसे मिळतात आणि बहुतेकांचा गट नवा, म्हणजे बाकं रिकामी. डिसेंबरात कन्सॉलिडेटरची, म्हणजे थोड्या जास्त अनुभवी संशोधकांच्या ईआरसी ग्रँटची, यादी येते. या मंडळींच्या जाहिराती यायला वेळ लागतो. त्या आधीच्या आठवड्यांत पोचलेला मेल वाचला जातो.

आता मेल. 'रिस्पेक्टेड सर, तुमच्या जगविख्यात प्रयोगशाळेत काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे' हे पहिल्या ओळीत दिसलं की पुढचं कुणी वाचत नाही. शिवाय समोर बाई आहे की पुरुष हे न बघता 'सर' लिहिलेलं असतं. 'डिअर डॉक्टर अमुक' पुरे. विषयाच्या ओळीत वर्ष, तुमचं तंत्र आणि फेलोशिपचं नाव. मजकूर दीडशे ते दोनशे शब्द, त्याहून एक ओळ जास्त नको. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण आणि व्हायवा (प्रबंधावरची तोंडी परीक्षा) कधी. दुसऱ्यात तुमचा एकच निष्कर्ष, आकड्यासकट. तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही असं असायला हवं. नमुना सांगतो, इंग्रजीत तुम्ही लिहा: 'तुमच्या गेल्या वर्षीच्या पेपरात आवरण सैल झालेला म्युटंट कोलिस्टिनला चौपट संवेदनशील दिसतो, पण वाहत्या द्रवात तो फरक टिकतो का हे तपासलेलं नाही, फ्लो सेलमध्ये कॉन्फोकलखाली ते मी करू शकते.' मग शेवटचं वाक्य: 'तुमच्याकडे अमुक फेलोशिपसाठी अर्ज करायचा आहे, वीस मिनिटं बोलता येईल का?' याला 'हो' म्हणायला त्याच्या खिशातून काही जात नाही.

सोबत एकच पीडीएफ, दोन पानांचा सीव्ही. मार्कशीट, पासपोर्टचा फोटो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटची 'वरील माहिती सत्य आहे' ही शपथ, सगळं काढा. प्रत्येक पेपरखाली एक ओळ: यात माझं काम काय. तिसरा पेपर 'तयारीत' म्हणून लिहू नका, त्याला कुणी मोजत नाही. सहलेखकांची संमती घेऊन बायोआर्काइव्हवर प्रीप्रिंट (छापून येण्याआधीची प्रत) टाका, म्हणजे डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो आणि समोरचा माणूस तो वाचू शकतो.

दहा-बारा दिवसांनी त्याच मेलला जोडून एकदा आठवण करा. एकदाच. ऑगस्टमध्ये युरोपात आणि २० डिसेंबरनंतर कुठेच मेल पाठवून उपयोग नसतो. एका प्रयोगशाळेसाठी अर्धा दिवस गेला पाहिजे, म्हणजे महिन्याभरात बारा ते पंधरा मेल. सत्तर नव्हे.

कोथरूड_ते_कील

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण 'मग बघू' परवडत नाही, हे तारखांनी दाखवतो. युरोपातली मोठी फेलोशिप म्हणजे मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी, आपल्या बोलण्यातली एमएससीए. कॉल, म्हणजे अर्ज घेणं, एप्रिल-मेच्या सुमारास उघडतो आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होतो. २०२५ मध्ये तो १० सप्टेंबरला बंद झाला. त्या तारखेला तुम्ही पीएच.डी. असायला हव्यात. आतापर्यंतच्या नियमांप्रमाणे व्हायवा यशस्वी झालेला असला की चालतं, दीक्षान्त समारंभाची वाट बघावी लागत नाही.

आता मोजा. फेब्रुवारीअखेर प्रबंध सादर. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्रबंध सादर केल्यापासून सहा महिन्यांत व्हायवाचा निकाल लागायला हवा. म्हणजे ऑगस्टअखेर. हातात जेमतेम दहा दिवस उरतात, आणि ही सहा महिन्यांची मुदत पाळली जाईलच असं धरून चालू नका. उशीर होतो तो बहुतेक वेळा बाह्य परीक्षकांपाशी: नावांची यादी मंजूर व्हायलाच महिना जातो, मग एक परीक्षक नकार देतो, मग दुसऱ्याला पत्र. म्हणून परीक्षकांची यादी प्रबंधाबरोबर न देता सारांश देतानाच मार्गी लावता येते का ते विचारा. परीक्षा विभागात दर पंधरा दिवसांनी जाऊन फाइल कुठल्या टेबलावर आहे ते बघा. फोनवर 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच कळतं. व्हायवा झाला की त्याच आठवड्यात तारखेसह 'यशस्वी' असं लिहिलेलं पत्र विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी घ्या.

अर्जाचा मुख्य भाग दहा पानांचा. गुणांची वाटणी अशी: संशोधनाची गुणवत्ता ५०, परिणाम ३०, अंमलबजावणी २० टक्के. आपल्याकडचे अर्ज मार खातात ते मधल्या तीसवर. नऊ पानं विज्ञान लिहून 'परिणाम' शेवटच्या रात्री उरकलेला असतो. २०२५ च्या नियमांप्रमाणे ७० टक्क्यांच्या खाली गेलात तर त्याच संस्थेबरोबर लगेच पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही, त्यामुळे 'या वर्षी सहज टाकून बघू' हा विचार महागात पडतो. २०२४ मध्ये १०,३६० अर्जांतून १,६९६ निवडले गेले. २०२५ मध्ये अर्ज १७,०५८ वर गेले. तेव्हा हा एकच मार्ग धरून बसू नका.

दोन गोष्टी फारशा कुणाला माहीत नसतात. बऱ्याच युरोपीय संस्था फेब्रुवारी ते मे या काळात 'आमच्याबरोबर एमएससीए लिहा' अशी आवाहनं काढतात, त्यांच्या अंतर्गत मुदती कॉलच्या खूप आधी संपतात. 'युराक्सेस' या युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर ती सापडतात आणि निवड झाली तर संस्थेचं ग्रँट ऑफिस तुमचा अर्ज वाचून सुधारून देतं. हा फायदा मोठा आहे. दुसरं, पोर्तुगाल, पोलंड, चेकिया, स्लोव्हेनिया, एस्टोनिया अशा 'वाइडनिंग' (संशोधनात तुलनेने मागे राहिलेल्या) देशांतली संस्था निवडली तर अर्जातच एक खूण करून ईआरए फेलोशिपसाठीही तोच अर्ज चालतो. एकाच कष्टात दुसरी संधी.

आणि सापळा, म्हणजे मोबिलिटीचा नियम: शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त तुम्ही ज्या देशात राहिलात, त्या देशातली संस्था निवडता येत नाही. 'आधी जर्मनीत वर्ष-दीड वर्षाचं छोटं काम घेते, मग तिथूनच एमएससीए टाकते' हा बेत इथेच फसतो. अटींत दर वर्षी बारीक बदल होतात, त्या वर्षीची मार्गदर्शिका वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जर्मनीच पक्की असेल तर हुम्बोल्ट फेलोशिप बघा. अर्ज वर्षभर घेतात, पीएच.डी.नंतरची पहिली चार वर्षं चालतात, मुदत सहा ते चोवीस महिने. यजमान प्राध्यापकाची लेखी तयारी लागते, म्हणजे पुन्हा वरचाच मेल.

पेट्रीडिश

मोबिलिटीचा नियम आजच कळला. गेप्रिसमध्ये माझ्या विषयाचे चार नवे गट सापडले, चारांपैकी एकालाही मेल गेलेला नव्हता! मधल्या काळाचं कुणी सांगाल का? आणि शिफारसपत्रांचं: गाइड आणि सहमार्गदर्शक असे दोघंच आहेत, तिसरं कोण?

भाड्याची_खोली

भारतातलं काम जरूर घ्या. त्याने युरोपातला मोबिलिटीचा नियम मोडत नाही. फक्त पीएच.डी.नंतरची घड्याळं चालू राहतात: एमएससीएची आठ वर्षं, हुम्बोल्टची चार. एक-दीड वर्षाने काही बिघडत नाही, तीन वर्षं मात्र फार झाली.

रिसर्च असोसिएटचे दर १ जानेवारी २०२३ पासून असे: आरए-१ ला ५८,००० रुपये महिना, आरए-२ ला ६१,०००, आरए-३ ला ६७,०००, वर घरभाडे भत्ता. हे केंद्र सरकारच्या प्रकल्पांचे दर. जाहिरात वाचताना 'कन्सॉलिडेटेड' हा शब्द आहे का ते बघा. असेल तर भत्ता वेगळा मिळत नाही. तुमच्या विषयासाठी पुण्यात एनसीसीएस, एनसीएल, आयसर आणि आघारकर संस्था, चंडीगडला इमटेक, गोव्यात एनआयओ. जाहिराती संस्थेच्या स्वतःच्या पानावर येतात आणि मुदत कित्येकदा दोनच आठवड्यांची असते, म्हणून दर सोमवारी ही पानं उघडायची सवय लावा. प्रकल्प कधी संपतो ते मुलाखतीतच विचारा. जागा प्रकल्पाबरोबर संपते.

एएनआरएफ या केंद्र सरकारच्या संशोधन-निधी संस्थेची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, म्हणजे पूर्वीची एसईआरबीची एन-पीडीएफ, दोन वर्षांची. वयोमर्यादा ३५, स्त्रियांना पाच वर्षांची सूट. आजवरच्या नियमांत प्रबंध सादर केलेल्यांनाही अर्ज करता आला आहे, पदवी मिळेपर्यंत रक्कम कमी. कॉल वर्षभर उघडा नसतो. मार्गदर्शकाशी आधी बोलून प्रस्ताव तयार ठेवा, कॉल आल्यावर शोधायला लागलात तर वेळ पुरत नाही.

पैशाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. रक्कम मंजूर होणं आणि खात्यात पडणं यांत महिने जातात, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये आर्थिक वर्ष बदलताना. चार-सहा महिन्यांचं भाडं आणि खानावळ बाजूला ठेवल्याशिवाय आधीचं काम सोडू नका.

तिसरा_रेफरी

शिफारशीचं. तिसरा माणूस तुमच्या संस्थेबाहेरचा हवा. सहलेखक, ज्यांच्या कॉन्फोकलवर तुम्ही महिनाभर काम केलंत ते शास्त्रज्ञ, पोस्टरपाशी थांबून ज्यांच्याशी नंतर पत्रव्यवहार झाला ते, यांपैकी कुणीही. विभागप्रमुख 'ती कष्टाळू आणि सुस्वभावी आहे' लिहून देणार असतील तर नको. आपल्याकडे उमेदवारानेच मसुदा लिहायची पद्धत आहे. तिन्ही पत्रांत तीच विशेषणं दिसली की निवड समितीला ते लगेच कळतं. मसुदा देऊ नका, मुद्दे द्या: कुठला प्रयोग अडला होता, तुम्ही तो कसा सोडवलात, वाचणाऱ्याला कशाची खात्री हवी आहे. तीन आठवडे आधी सांगा. आणि पत्र जाईल ते संस्थेच्या ईमेलवरून. जीमेलचा पत्ता दिला तर कित्येक पोर्टल तो घेतच नाहीत किंवा शंका काढतात.

शेवटचा_बफर

ऑफर आल्यावर काय बघायचं ते कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडं.

अमेरिका: एनआयएचची एफ३२ फेलोशिप फक्त तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांना, तिच्यावर वेळ घालवू नका. एनआयएचच्याच के९९ ग्रँटला नागरिकत्वाची अट नाही, पण ती पोस्टडॉकच्या पहिल्या चार वर्षांत टाकायची असते. पगाराची घासाघीस करताना एनआयएचचा तक्ता समोर ठेवा: २०२४ च्या आर्थिक वर्षात नव्या पोस्टडॉकला वर्षाला ६१,००८ डॉलर. त्याहून कमी सांगितलं तर कारण विचारायला लाजू नका. व्हिसा बहुधा जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाचा) मिळेल. त्यात संशोधक वर्गाची कमाल मुदत पाच वर्षं. खाच अशी की वर्षभरातच कार्यक्रम संपवून परत आलात तरी पुढचे २४ महिने त्याच वर्गात पुन्हा जाता येत नाही. म्हणून सहा महिन्यांच्या छोट्या भेटीसाठी डीएस-२०१९ (जे-१ साठी लागणारा कागद) निघत असेल तर कुठल्या वर्गात निघतोय ते आधी विचारा. सहा महिन्यांपर्यंतची भेट 'शॉर्ट-टर्म स्कॉलर'मध्ये बसते आणि त्याला ही २४ महिन्यांची बंदी नाही. जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची जुनी अट अमेरिकेच्या ज्या कौशल्ययादीमुळे लागायची, त्या यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारत वगळला गेला. पण पैसा सरकारी असेल, उदाहरणार्थ फुलब्राइट-नेहरू फेलोशिपचा, तर अट लागतेच. एच-१बी मागायचा विचार असेल तर सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं आहे, त्यामुळे विद्यापीठं त्याला सहजासहजी तयार होणार नाहीत.

जर्मनी: करार आहे की स्टायपेंड, हा पहिला प्रश्न. करारात आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, बेरोजगारी विमा सगळं येतं. स्टायपेंडमध्ये हातात आकडा मोठा दिसतो पण विमा स्वतः काढायचा. करार बहुधा टीव्ही-एल ई१३ या सरकारी वेतनश्रेणीत असतो आणि त्या श्रेणीतली पायरी अनुभवावर ठरते. पीएच.डी.ची वर्षं अनुभवात धरून घेण्यासाठी इथल्या संस्थेचं पत्र लागतं: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, पूर्णवेळ, कामाचं स्वरूप. हे सही करण्याआधी द्यायचं. नंतर पायरी बदलून घेणं फार अवघड.

ब्रिटन: व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो, प्रौढ व्यक्तीला वर्षाला १,०३५ पौंड. तीन वर्षांसाठी नवरा-बायकोचे ६,२१० पौंड एकदम. विद्यापीठ परत करतं का आणि कुटुंबाचंही करतं का, हे ऑफर पत्रात लेखी घ्या. 'एचआर बघेल' यावर विसंबू नका.

आणि अर्ज, मुलाखत किंवा ऑफर पत्रासाठी कुणी पैसे मागितले तर ती जागाच नाही.

पेट्रीडिश

काल एका नव्या गटाचं उत्तर आलं! नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन बोलू म्हणाले, आधी पंचेचाळीस मिनिटांचं सादरीकरण. त्यांनी वेळ 'दुपारी २, सीईटी' अशी दिली आहे. हे आपले साडेपाच की साडेसहा?

कोथरूड_ते_कील

साडेसहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग फरक साडेतीनचा साडेचार तास होतो. उत्तरात भारतीय वेळही लिहून पाठवा.

सादरीकरणात प्रबंधाची सगळी प्रकरणं कोंबू नका, दोन निष्कर्ष पुरेत. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांच्याकडे काय करायचं ते एका आकृतीत दाखवा. नंतर गटातल्या मुलांशी प्राध्यापकांशिवाय बोलायला मिळावं अशी विनंती करा, सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांना विचारायचं: आधीचे पोस्टडॉक किती वर्षं राहिले आणि कुठे गेले, पेपरवर नावांचा क्रम कधी ठरतो, जाताना स्वतःचा प्रकल्प बरोबर नेऊ देतात का. नवा गट असल्यामुळे आधीचे पोस्टडॉक नसतील, मग हेच प्राध्यापकांना विचारा, विशेषतः शेवटचं.